तोदुरच्या विहिरीचं पाणी

वासी इटलीला परत गेली तेव्हा तिचा मित्री अडीच महिन्यांचा होता. वासी माझी मुलगी, एकुलती एक. बोलोन्यात ती एका म्हातारीला सांभाळते, आणि त्या म्हातारीच्या लेकीने निरोप धाडला होता की महिनाअखेर आली नाहीस तर दुसरी बाई बघू. आमच्याकडून इटलीला जायला बायकांची रांग लागलेली असते, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. पोराचा बाप तर पोर पोटात असतानाच मॉस्कोला गेला तो तिकडचाच झाला. वासीने जाताना पावडरच्या दुधाचे आठ डबे फडताळात मांडले, किती पाण्याला किती चमचे ते मला तीनदा दाखवलं, आणि म्हणाली, "आई, तुझ्या भरवशावर ठेवून चाललेय."

"तुला काय वाऱ्यावर वाढवलं होतं मी?" मी म्हणाले. ती हसली, मग गाडीत बसल्यावर रडली. मी रडले नाही. मला रडू उशिरा येतं.

मी दोम्निका. वय बासष्ट. मोल्दोवाच्या दक्षिणेला, द्राक्षमळे आणि मेंढ्यांच्या मुलखात आमचं गाव आहे. आम्ही गागाऊझ. बोलतो तुर्कांसारखं, मेणबत्ती लावतो येशूपुढे आणि बातम्या ऐकतो रशियन. राजधानीतले लोक आम्हाला अडाणी समजतात आणि आम्ही त्यांना विकले गेलेले समजतो, असा जुना हिशोब आहे.

त्या साली ऑक्टोबरात मतदान होतं. देशाच्या घटनेत युरोपच्या संघाचं नाव घालायचं का नाही, एवढाच प्रश्न. पण आमच्या गावात तो प्रश्न असा कुणीच विचारत नव्हतं. गावात विचारायचे, "संघात गेलो की आपलं काय काय जाणार?" आणि याचं उत्तर शेजारची वार्का द्यायची. वार्काला तिच्या मुलाने मोठा फोन घेऊन दिल्यापासून ती सकाळी कोंबड्यांना दाणे टाकतानाही तो कानाला लावून असायची. माझ्या कुंपणाशी येऊन ती रोज एक नवीन गोष्ट टाकून जायची.

"ऐकलंस का? घरची वाइन बंद. तळघरात येऊन पिंपं मोजणार."

"मोजू दे. मोजता मोजता पिऊन पडतील."

"हस तू. डुक्करसुद्धा घरी मारायचं नाही म्हणे. आणि विहिरींना सील ठोकणार. त्यांच्याच नळाचं पाणी प्यायचं, मीटर लावून."

डुकराचं आणि वाइनचं मी हसण्यावारी नेलं. विहिरीचं ऐकून मात्र मला हसू आलं नाही, कारण त्याची सुरुवात माझ्याच दारात झाली होती.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने विहीर खणतात. ज्याला जमतं तो खणतो. वर छोटं छप्पर, क्रॉस, साखळीला बांधलेला पेला, आणि दगडावर नाव. वाटसरू पाणी पितो आणि म्हणतो, देव अमक्याला क्षमा करो. जितके घोट, तितका मेलेल्याच्या जिवाला थंडावा. माझा नवरा तोदुर ट्रॅक्टरखाली गेला, एका क्षणात, पापाची कबुली न देता. असं मरण आलेल्या माणसाला परक्याच्या तोंडून निघालेल्या क्षमेची जास्त गरज असते. वासीने इटलीच्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून बापाच्या नावाने विहीर खणून घेतली, आमच्या कुंपणाबाहेर, रस्त्याकडेला. पाणी गोड लागलं. अख्खी आळी तिथून पाणी नेऊ लागली. रोज पन्नासदा तरी तोदुरचं नाव कुणाच्या तरी तोंडी यायचं आणि मी खिडकीतून ऐकायचे.

त्या वसंतात राजधानीतून पाणीयोजनेचा एक पोरगेला इंजिनिअर आला. युरोपच्या पैशातून नळ येणार होते. त्याने सगळ्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, आणि महिन्याने तोदुरच्या नावाच्या बरोबर वर एक निळी पाटी ठोकली. बाजूला युरोपच्या संघाचे पिवळे तारे, मध्ये लिहिलेलं: पिण्यास अयोग्य, लहान मुलांना देऊ नये.

"हे काय लावलंस?" मी त्याला विचारलं.

"नायट्रेट फार आहे, आजी. मर्यादेच्या पाचपट."

"ते काय असतं?"

"ते... रसायन असतं. दिसत नाही, वास येत नाही."

"दिसत नाही, वास येत नाही, मग तुला कसं सापडलं?"

तो घड्याळ बघत म्हणाला, त्याला अजून अकरा पाट्या लावायच्या आहेत. समजावून सांगायला त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि ऐकून घ्यायला माझ्याकडे मन नव्हतं. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी पक्कड घेऊन पाटी उचकटली. चांगला जाड पत्रा होता. खुराड्याचं दार मोडलं होतं, तिथे बसवला. नळ आले ते आठवड्यातून दोनदा, तासभर, आणि त्या पाण्याला दवाखान्याच्या फरशीसारखा वास. आमच्या आळीत ते पाणी कुणी जनावरांनाही दिलं नाही.

पण वाइन, डुकरं, विहिरी हे सगळं एकीकडे. सप्टेंबरच्या शेवटी वार्का जी बातमी घेऊन आली, तिने माझी झोप उडवली.

"पोरांची यादी चाललीय," ती आवाज खाली आणून म्हणाली. "ज्यांचे आईबाप परदेशात आहेत ना, त्यांची. मतदान झालं, सही झाली, की गाडी येणार. तिकडे लोकांना मुलं होत नाहीत. त्यांना देऊन टाकतात."

"कुणी सांगितलं तुला?"

"व्हिडिओ आलाय. एक बाई रडतेय, तिची नात नेली."

"कुठली बाई?"

"ते नाही लिहिलेलं. पण रडत होती गं, खरंखरं."

आता कुणी म्हणेल, शिकलीसवरलेली असतीस तर यावर विश्वास ठेवला नसतास. मी दहावी पास आहे आणि शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं शंभर पोरांचं जेवण रांधलंय. मी मूर्ख नाही. पण आमच्या घरात यादी या शब्दाने हातातला घास थांबतो. माझी आई बारा वर्षांची असताना गावात एक ओळखीचा माणूस वही घेऊन फिरला होता. गोड बोलायचा. किती मेंढ्या, किती माणसं, विचारायचा आणि पेन्सिलीने लिहायचा. माझ्या आजीने त्याला घरची वाइन पाजली. त्या जुलैत ट्रक आले आणि आईचं अख्खं घर सैबेरियाला गेलं. सात वर्षांनी पाचातले दोघे परत आले. आई मरेपर्यंत सांगायची, वही घेऊन कुणी आलं तर खरं बोलू नका, मग तो देवदूत का असेना.

वार्का येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ल्युबा आली, वही घेऊन.

ल्युबा म्हणजे गावातल्या दवाखान्याची नर्स. तिला मी लहानपणी शाळेत लापशी वाढलीय. चांगली मुलगी, पण त्या दिवशी मला तिचा चेहरा दिसलाच नाही, फक्त वही दिसली.

"मावशी, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांची माहिती घेतेय. वासीताई गेली का परत?"

"नाही," मी म्हणाले. "तालुक्याला गेलीय, कागदपत्रांसाठी. येईल संध्याकाळी."

"अगं, मला वाटलं गेली. मग अंगावर पाजतेय ना?"

"पाजतेय म्हणजे काय, पोराला सोडत नाही."

ल्युबाने लिहिलं. मला हलकं वाटलं. वही मिटता मिटता ती म्हणाली, "मग काळजी नाही. पावडरच्या दुधावरची बाळं असतात ना, त्यांच्यासाठी विहिरीचं पाणी अजिबात चालत नाही. उकळलं तरी चालत नाही. त्यांना दुकानातलंच पाणी लागतं. मी घरोघरी तेवढंच सांगत फिरतेय."

"दुकानवाल्याने कमिशन ठेवलंय वाटतं तुला," मी म्हणाले. ती हसली. मीही हसले. आणि मनात म्हटलं, बरोबर, वार्का सांगते तस्संच. आधी विहिरी वाईट ठरवायच्या, मग पाणी विकायचं, मग पोरं न्यायची.

हे मी लपवून ठेवू शकते. ल्युबा आणि मी, दोघींनाच माहीत आहे. पण मला सांगितलं गेलं होतं. माझ्याच अंगणात, सरळ शब्दांत, दिवसाढवळ्या.

त्यानंतर मी मित्रीला बाहेर काढणं बंद केलं. पाळणा मागच्या खोलीत नेला. वासीचा फोन आला की सांगायचे, खातोय, झोपतोय, तुझ्यावर गेलाय. आणि दुधाच्या बाबतीत मी कुणाला बोट ठेवायला जागा सोडली नाही. बाटल्या सोड्याने धुवायच्या. तोदुरच्या विहिरीचं पाणी पहाटे काढायचं, पहिलं, कुणी दोर न लावलेलं. एकदा उकळायचं, निववायचं, पुन्हा उकळायचं. नंतर नंतर तीनदा उकळायला लागले. ल्युबाचं बोलणं कुठेतरी टोचत होतं ना. म्हटलं, असलंच काही त्यात, तर मरेल. बादलीभर पाण्याचं पातेलंभर उरायचं. प्रत्येक बाटलीला म्हणायचे, देव तोदुरला क्षमा करो. नातवाच्या तोंडून आजोबाला थंडावा पोचेल, दुसरं काय हवं?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मित्री जरा मलूल वाटू लागला. रडायचा कमी. मला वाटलं शहाणा झाला. रंग उतरल्यासारखा दिसला, तर वाटलं खोलीत ऊन येत नाही म्हणून. मी खिडकीशी धरून बसायचे. मग मतदानाच्या आधीच्या गुरुवारी सकाळी लंगोट बदलताना त्याची नखं दिसली. निळसर. काळं द्राक्ष चिरडल्यावर बोटाला डाग राहतो तशी. ओठांच्या कडाही तशाच.

मी वार्काला हाक मारली. तिने त्याचं कपाळ जिभेने चाटून बघितलं.

"खारट आहे. दृष्ट लागलीय."

"कुणाची? कुणाला दाखवलाच नाही मी."

"ल्युबा आली होती की."

तिने निखारे पाण्यात टाकले, ते बुडाले, म्हणजे दृष्ट होतीच. ते पाणी त्याच्या कपाळाला लावलं. मित्री माझ्याकडे बघत होता, पण नजर पोचत नव्हती. श्वास भराभर चालला होता.

"वार्का, मी याला इस्पितळात नेते."

"नेलंस तर येईल का परत?" ती म्हणाली. ती वाईट बाई नाही. तिचेही डोळे भरले होते. "आई कुठंय विचारतील. तुझ्याकडे कागद आहे का, पोर तुझ्याकडे ठेवल्याचा? नाही ना? मग? तिथे सगळ्या मशिनींवर त्यांचेच तारे लावलेत."

माझ्याकडे कागद नव्हता. वासीने जाताना नोटरीकडे जायचं म्हटलं होतं आणि मीच म्हटलं होतं, आजीला कसला कागद लागतो.

मी थांबले. एक अख्खा दिवस थांबले. एका बाजूला पोर, एका बाजूला गाडी, आणि मी मध्ये बसून त्याला आणखी तीन बाटल्या पाजल्या. ताकद यावी म्हणून.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो रडायचाच थांबला. चिमटा काढला तर तोंड उघडलं, आवाज नाही. सगळा चेहरा शिशासारखा झाला होता. मी त्याला शालीत गुंडाळून रस्त्यावर धावले. तोदुरचा धाकटा भाऊ कोस्ती द्राक्षाच्या पेट्या उतरवत होता.

"भावोजी, गाडी काढा."

त्याने शालीत बघितलं आणि पेटी तशीच हातातून सोडली. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "वहिनी, याला होतंय काय?" मी म्हणाले, माहीत नाही. आणि सबंध वाट मी मित्रीच्या नाकाशी बोट धरून होते.

इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होती, चाळिशीची, नाव अंगेलिना. तिने पोर माझ्या हातातून असं घेतलं की मला वाटलं, गेलं. नाकाला नळी लावली. त्या मशिनवर खरंच पाटीवरच्यासारखे पिवळे तारे होते. नळी लावूनही रंग बदलला नाही.

"आई कुठंय?"

"कामावर."

"कुठे?"

"तालुक्याला... म्हणजे, येईल."

तिने टाचेतून रक्त काढलं आणि कागदावर एक थेंब टाकला. मी पाहिलं. रक्त लाल नव्हतं. तपकिरी होतं, पातळ कोकोसारखं. मी पलंगाची कड धरली.

"आजी, इकडे बघा. दूध कुठलं पितो?"

"आईचं."

"आईचं दूध पिणाऱ्याचं रक्त असं होत नाही."

"थोडं पावडरचं. वरचं."

"पाणी कुठलं घालता?"

तिने हे अगदी साध्या आवाजात विचारलं. पण मला तिच्या मागे पाटी दिसली, वही दिसली, ट्रक दिसला. विहीर म्हटलं की कबूल केलं. पाटी होती, उचकटली. नर्सने सांगितलं, ऐकलं नाही. मग कोण ठेवील माझ्याकडे पोर?

"दुकानातलं," मी म्हणाले. "बाटलीचं."

डॉक्टरिणीने नर्सकडे बघितलं. "मग हे पाण्याचं नाही. रक्तातलाच जन्मापासूनचा काही दोष असेल. राजधानीला फोन लाव, रुग्णवाहिका सांग." मग माझ्याकडे वळली. "पाण्याने झालं असतं तर माझ्याकडे औषध आहे, अर्ध्या तासात फरक पडतो. पण तेच औषध दुसऱ्या आजारात टोचलं तर उलटतं. राजधानीला दोन तास लागतील. इतका वेळ तो..." नर्स फोन फिरवू लागली.

कोस्ती दारात टोपी मुरगाळत उभा होता. तो रोज सकाळी त्या विहिरीशी मला बादली भरताना बघायचा. त्याने तोंड उघडलं, आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं. एवढी मी नीच झाले होते. मित्रीच्या छातीत एक खळगा पडत होता, पडत होता, आणि मग एकदा तो पडायला उशीर झाला.

"विहिरीचं," मी म्हणाले. "विहिरीचं पाणी. नवऱ्याच्या नावाची विहीर आहे. मीच पाजलंय. महिना झाला. आई इटलीत आहे. फोन ठेवा."

"उकळून?"

"तीनदा."

डॉक्टरिणीने डोळे मिटले आणि उघडले. "उकळलं की पाणी उडतं, आजी, ते उडत नाही. उरलेल्यात घट्ट होतं." एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने कुपी फोडली. औषध निळं होतं. गडद, शाईसारखं निळं. आधीच निळ्या पडलेल्या पोराच्या शिरेत ती निळी धार चढताना बघून माझ्या तोंडून किंकाळी निघाली, मी सुईवर झेप घेतली, आणि कोस्तीने मला मागून मिठी मारून धरून ठेवलं. "वहिनी, सोड. वहिनी, बघ तरी." मी त्याच्या हाताला चावले. अजून वण आहे.

मग आम्ही बघत बसलो. पाच मिनिटं, दहा. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं आणि वाचता येत नव्हतं. वीस मिनिटांनी त्याच्या कानाची पाळी गुलाबी झाली. आधी एकच कान. मग ओठ. मग त्याने हातपाय झाडले आणि इतक्या जोरात टाहो फोडला की कॉरिडॉरमधल्या बायका बघायला आल्या. दोन दिवस त्याचे लंगोट हिरवेनिळे निघत होते.

शनिवारी दुपारी फाइल घेतलेली एक बाई आली. बालकल्याणाची. मी पाळण्यापुढे उभी राहिले. मनात म्हटलं, आली गाडी.

"बसा, बसा," ती म्हणाली. आमच्याच भाषेत बोलत होती, बाजूच्याच गावची निघाली. "बाळाचा पालक कोण, एवढं लिहायचंय. आई परदेशी आहे ना? माझी बहीणही पोर्तुगालला आहे. आईकडून एक कागद मागवा. तिथल्या वकिलातीत सही करून मिळतो, फुकट. तो आला की बाळ कायद्याने तुमच्याकडे."

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे?"

"तुम्ही नेणार नाही?"

"कुठे नेऊ, आजी? माझ्या घरी तीन आहेत." तिने मला फॉर्म दिला, कुठे काय भरायचं ते पेन्सिलीने खूण करून दिलं, आणि गेली. मी तो कागद कितीतरी वेळ उलटासुलटा करून बघितला. त्यात कुठेच काही दडलेलं नव्हतं.

वासीला मी तोपर्यंत काही कळवलं नव्हतं. आता फोन केला आणि सगळं सांगितलं, पाटीपासून. ल्युबाचंही. माझ्या आवाजात आनंद होता, खोटं कशाला बोलू. पोर वाचलं होतं आणि कुणी नेणारं नव्हतं. "तेवढा कागद पाठव," मी म्हणाले. "सोमवारी वकिलातीत जा, फुकट आहे."



"कागद नको, आई," वासी म्हणाली. "मी येतेय त्याला न्यायला."

"आणि काम?"

"बघू."

"अगं, ती बाई म्हणाली राहू शकतो. कायद्याने राहू शकतो तो माझ्याकडे."

"कळलं मला."

रविवारी गावाने मतदान केलं. मी गेले नाही. वार्का म्हणते, हो म्हणणाऱ्यांच्या आणि नाही म्हणणाऱ्यांच्या, कुणाच्याच उपयोगी मी पडले नाही. तिच्या सुनेला सातवा महिना लागलाय, तिला मी विहिरीचं सांगायला गेले तर सून घाबरून सासूकडे बघायला लागली आणि वार्का म्हणाली, "इस्पितळात काय पाजलं गं तुला?" मी रोज जाऊन सांगते. ऐकेपर्यंत सांगणार आहे.

वासी बुधवारी आली, मिनीबसने, दोन दिवस बसून. पाय सुजले होते. इस्पितळातून आम्ही मित्रीला घरी आणलं. तीन दिवस ती माझ्याशी चांगली वागली. कुठला शब्द नाही, टोमणा नाही. मी चीज भरलेल्या पोळीच्या वळ्या भाजल्या, तिने खाल्ल्या. माझ्या गुडघ्यांना मलम आणलं होतं, ते चोळून दिलं. मला वाटू लागलं, कदाचित जाता जाता ठेवून जाईल. म्हणेल, आई, झालं गेलं.

शनिवारी सकाळी मिनीबस चर्चसमोर उभी होती. सामान चढलं. ड्रायव्हर म्हणाला, दहा मिनिटं. आणि नेमका तेव्हा मित्रीला भूक लागली. सवयीने माझा हात पुढे गेला.

"आण इकडे बाटली, मी करते पटकन."

वासीने बाटली छातीशी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट, आणि एक पाऊल मागे सरकली. ठरवून नाही केलं तिने. अंगावर कुत्रं धावून आलं की माणूस जसं सरकतं, तसं ती सरकली, माझ्यापासून. आमची नजरानजर झाली आणि तिचा चेहरा लाल झाला.

सबंध शरद ऋतू मी त्या संघाला भीत होते, पाटीला भीत होते, ल्युबाला भीत होते. आणि माझ्या लेकराच्या लेकराने जिला भ्यायला हवं होतं ती दूध ढवळत बसली होती, माझ्याच चुलीपाशी. आता त्याची आई भीत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"तू त्याला धर, आई," वासी खालच्या आवाजात म्हणाली. "दूध मी करते."

मी त्याला धरलं. तिने पिशवीतून सीलबंद पाणी काढलं, झाकण मोडलं, चमचे मोजले, बाटली हलवली आणि माझ्या हातात न देता स्वतःच त्याच्या तोंडाला लावली. तो माझ्या मांडीवर पडून तिच्या हातून प्यायला. पोटभर प्यायला. मग ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि मी त्याला तिच्याकडे दिलं.